रात्री साप बघायला हेडटॉर्च: एप्रिल ते दिवाळी वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. टॉर्च चांगला आहे, पैसे वसूल झालेत. पण खोक्यावर ज्या आकड्याचा डांगोरा पिटलाय, त्याचा साप शोधायला काडीचा उपयोग नाही. खोक्यावर १००० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) छापलंय. तो मोड मी वापरला तो गाडी चिखलात रुतली तेव्हा आणि ओढ्यात पाय घालण्याआधी पलीकडचा काठ बघायला. साप दिसले ते सगळे दीडशे लुमेनच्या आत. वर हजारावर ठेवला की तीन-चार मिनिटांत डबी तापते आणि टॉर्च स्वतःच उजेड खाली आणतो. तो दोष नाही, एवढ्याशा डबीतून एवढी उष्णता जायची कुठे? पण मग जाहिरात कशाची करताय, हा प्रश्न उरतोच.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच साचा ऑनलाइन तीन-चार वेगवेगळ्या नावांनी मिळतो. कपाळावर आडवी नळी, आत एक १८६५० चा, म्हणजे पुन्हा चार्ज होणारा जाडसर सेल, पांढऱ्या उजेडाचे चार टप्पे, एक लाल दिवा, टाइप-सी चार्जिंग. किंमत दोन-अडीच हजार. नळी रबरी कडीत बसते आणि ओढली की बाहेर येते, मागे क्लिप आहे. घेताना या क्लिपकडे मी फारसं लक्ष दिलं नव्हतं. आज कोणी विचारलं तर तीच पहिल्यांदा बघा म्हणेन.

वापर कुठे झाला ते सांगतो, नाहीतर रिव्ह्यूला अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये राजापूर-देवगडकडचे कातळसडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं. पाऊस लागल्यावर कोल्हापूरहून आजरामार्गे आंबोली, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि टॉर्च 'वॉटरप्रूफ' आहे की नुसता म्हणतोय ते एका रात्रीत कळतं. पाऊस ओसरल्यावर पुन्हा सडे. मधे एकदा साताऱ्याजवळ चाळकेवाडीला सुपर्बा सरडा बघायला गेलो, पण ते दिवसाचं काम. निळा, काळा, केशरी गळा फुगवून दगडावर उभा राहणारा तो नर बघायला टॉर्च लागत नाही, टोपी लागते. साप पकडणं यात कुठेच नाही. बघायचं, फोटो काढायचा, पुढे जायचं. साप पकडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आडकाठी आहेच, आणि ती नसती तरी चापड्याला, म्हणजे झाडाझुडपांवरच्या त्या विषारी सापाला, हात लावण्याची हौस मला नाही.

आता मुख्य मुद्दा. हेडटॉर्च डोक्यावर लावून साप शोधू नका.

बेडूक, कोळी, रातवा (रात्री फिरणारा पक्षी) यांच्यासाठी डोक्यावरचा उजेड उत्तम. त्यांच्या डोळ्यांवरून उजेड जसा येतो तसाच मागे फिरतो, त्यामुळे दिवा आपल्या डोळ्यांशेजारी असला तरच ती चमक दिसते. आंबोलीच्या रस्त्यावर बसलेला रातवा शंभर पावलांवरून लाल ठिपका म्हणून कळतो. गवतात हिरवट चमकणारे बारीक कण दिसले की ते बहुतेक वेळा कोळी असतात. पण सापाचे डोळे असे चमकत नाहीत. त्याला शोधायचं म्हणजे त्याचा आकार शोधायचा. आकार दिसतो सावलीमुळे, आणि दिवा कपाळावर असला की सावली वस्तूच्या बरोबर मागे पडते, आपल्याला दिसतच नाही. सगळं भिंतीवर चिकटवलेल्या चित्रासारखं सपाट होतं.

नळी कडीतून काढून कमरेच्या पट्ट्याला लावली, किंवा हातात धरून गुडघ्याच्या उंचीवरून आडवी फिरवली, की फरक कळतो. सड्यावर फुरसं बघताना तर फारच. फुरसं जांभ्या दगडाच्या रंगाचंच असतं, खवले खरखरीत, त्यामुळे अंगावर तकाकी नाही. दगडाच्या कडेला वेटोळं घालून बसलं की वरून पडणाऱ्या उजेडात तो दगडाचाच तुकडा. उजेड बाजूने टाका, प्रत्येक वेटोळ्याखाली काळी रेघ उमटते. मग पाठीवरचे फिकट ठिपके दिसतात आणि शेवटी डोक्यावरची बाणासारखी खूण. त्या अंतरावरून फुरसं खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करायला लागलं तर समजावं की आपण गरजेपेक्षा जवळ आलोय. मण्यार आणि कवड्या (हा बिनविषारी साप) यांचं उलट. दोघांचंही अंग तुळतुळीत, त्यांच्यावर उजेड घसरतो आणि डोक्यावरच्या दिव्यातही चमकून जातात.

जाता जाता, याच आडव्या उजेडात कातळशिल्पंही, म्हणजे सड्याच्या दगडात कोरलेली जुनी चित्रंही दिसतात. बारसू-कशेळीकडच्या सड्यांवर दिवसा ज्या रेषांवरून माणूस सरळ चालत जातो त्या रात्री आडव्या टॉर्चमध्ये उठून येतात. म्हणून सड्यावर गाडी घालू नका आणि दगड उलथत सुटू नका. एखादा दगड उचललाच तर होता तसाच, त्याच खोबणीत परत ठेवायचा. त्याखाली विंचू, पाली, वाळा (गांडुळासारखा छोटा साप), काय काय राहत असतं.

धुक्याची गोष्टही तीच. आंबोलीत जुलै-ऑगस्टमध्ये ढग रस्त्यावर उतरतो आणि डोक्यावरचा दिवा लावला की समोर पांढरा पडदा. उजेड वाढवला की पडदा आणखी पांढरा. नळी कमरेला, दुसरा टप्पा, आणि नजर त्या उजेडाच्या वरून पुढे टाकायची. माझ्यासोबतच्या एका मित्राकडे याच्या तिप्पट किमतीचा विदेशी हेडटॉर्च आहे, नळी न सुटणारा. धुक्यात तो अख्खी रात्र माझ्या मागून चालला.

उजेडाचा रंग हा दुसरा महत्त्वाचा भाग. या टॉर्चचा उजेड किंचित पिवळसर आहे, साधारण ४५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे इथे उजेडाच्या रंगाचं माप). माझा आधीचा निळसर पांढरा होता, ट्यूबलाइटच्या जातीचा. बाजारात तसलेच जास्त खपतात, कारण दुकानात लावून दाखवले की ते जास्त लख्ख वाटतात. आंबोलीत पावसाळ्यात सगळं हिरवं. मलबारी चापडा हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळाही असतो, आणि बसतो शेवाळलेल्या फांदीवर, ओढ्याच्या कडेला, डोकं खाली करून, बेडकाची वाट बघत. निळसर उजेडात शेवाळ, पान आणि साप यांचा एकच राखाडी-हिरवा लगदा होतो. पिवळसर उजेडात सापाच्या हिरव्यातली पिवळी झाक वेगळी पडते. तो जागचा फारसा हलत नाही. एकाच झुडपात तोच साप दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी दिसतो. म्हणून एकदा दिसलेली जागा फेसबुकवर टाकायची नाही. पुढच्या शनिवारी तिथे वीस मोबाइल पोचतात आणि फांदी बाजूला करून करून झुडपाची वाट लागते.

हरणटोळ शोधणं त्यामानाने सोपं. दिवसा समोर असला तरी दिसत नाही, पण रात्री तो फांद्यांच्या टोकाला वेटोळं करून झोपतो आणि पोटाच्या कडेची पिवळट रेघ उजेडात ठळक होते. बागेतले सरडेही तसेच, झोपेत रंग उतरून फिकट पडलेले, काडीच्या टोकाला चिकटलेले. हे दोघे पहिल्या टप्प्यातही दिसतात. तेवढ्या उजेडात बघा आणि झोपू द्या. सापाला पापणी नसते, तोंडावर मारलेला उजेड त्याला टाळता येत नाही. फोटोसाठी एक-दोन मिनिटं, तेही बाजूने.

लाल दिव्याचं कौतुक सगळीकडे वाचलं होतं. साप शोधायला तो निरुपयोगी आहे. लाल उजेडात हिरवं पान काळं दिसतं आणि त्यावरचा हिरवा सापही काळा दिसतो, काय शोधणार? पण पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात त्या रात्री पांढरा दिवा लावून उभं राहून दाखवा. नाकात, कानात, चष्म्याच्या आत वाळवी. तेव्हा सेल बदलायला, डबा उघडायला, वहीत नोंद करायला लाल दिवा लागतो. त्या कामाला उत्तम.

सेल चांगला निघाला. दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे शंभर-सव्वाशे लुमेनला, संध्याकाळी साडेसात ते मध्यरात्र उलटेपर्यंत आरामात चालतो. तरी जास्तीचा भरलेला सेल प्लास्टिकच्या डबीत घालून जवळ ठेवायचाच. नुसता खिशात, किल्ल्यांसोबत, कधीही नाही.

आता तक्रारी.

चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच ऑगस्टपर्यंत सैल झालं. आत पाणी गेलं नाही, पण काचेच्या आतून वाफ धरायला लागली. विक्रेत्याला कळवलं तर त्याने व्हिडिओ मागितला, मग वेगळ्या कोनातून व्हिडिओ मागितला, मग गप्प बसला. शेवटी मीच झाकणाच्या रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावलं आणि टॉर्चवर चार्ज करणं सोडून सेल बाहेरच्या चार्जरवर लावायला सुरुवात केली. बूच कायमचं बंद. तेव्हापासून वाफ नाही. हे पहिल्या दिवसापासून करावं असं माझं मत आहे, ग्रीसची छोटी ट्यूब वर्षानुवर्षं पुरते.

बटण फार हलकं आहे. सॅकमध्ये दाबलं जाऊन दिवा आतच लागतो आणि घाटात पोचेपर्यंत सेल अर्धा. शेपटाचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवलं की लागत नाही. माहितीपत्रकात हे कुठेही लिहिलेलं नाही.

पट्टा घामाने आणि पावसाने कुबट होतो, धुतला की इलॅस्टिक सुटतं. चष्मेवाल्यांनी टोपी घालावी म्हणजे काचांवर थेंब येत नाहीत, पण टॉर्च कपाळावर असेल तर टोपीच्या चोचीवर उजेड पडून डोळे दिपतात. हेही नळी कमरेला लावली की मिटतं.

टॉर्चच्या रिव्ह्यूत बुटांचं काय, असं कोणी म्हणेल. पण रात्री बाहेर पडायला टॉर्चइतकेच गुडघ्यापर्यंतचे गंबूट लागतात. शेतीच्या दुकानातले साधे, काळे. पाच हजारांच्या ट्रेकिंग शूजपेक्षा हे बरे. आणि एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. आपल्याकडचं सर्पदंशावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनवलेलं असतं. चापडा त्यात नाही. चावला तर दवाखान्यात जायचंच, पण तिथे त्याच्यासाठी वेगळी बाटली मिळणार नाही, दुखणं आणि सूज यांवर उपचार होतात. म्हणून हात फांदीच्या आत घालायचा नाही, आधार म्हणून झाडाला धरायचं नाही. अडचण आली तर १०८. मोबाइलला रेंज कुठे मिळते ती जागा संध्याकाळीच बघून ठेवायची. दोडामार्ग-बांदा भागात जानेवारीनंतर काजूच्या बागांतून फिरणाऱ्यांनी गोचिडीचं भान ठेवावं. २०१६ मध्ये तिथे गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली होती. पँट बुटात खोचायची आणि घरी आल्यावर अंग नीट तपासायचं.

गावातून जाताना दिवा खाली करा. देवगडकडच्या एका वाडीत रात्री नऊला पायवाटेवर आजोबा भेटले.

"काय सोधतास हय?"

साप म्हटल्यावर त्यांनी टॉर्चकडे बघितलं, माझ्या बुटांकडे बघितलं. "किरडां बघूक पैसे खर्चून येतास? आमच्या पडवेत येवा, फुकट दाखयतंय."

आणि खरंच, पडवीच्या वाशावर कवड्या होता, पालीच्या मागावर. आजोबांनी मला त्यांच्या बॅटरीच्या उजेडात दाखवला. जुनी दोन सेलची, पिवळ्या बल्बची. रंग इतका स्वच्छ दिसला की आमच्या एलईडीवाल्यांनी काहीतरी शिकावं.

पुन्हा घेईन का? घेईन, पण हाच साचा, सुटणारी नळी, पिवळसर उजेड, बदलता येणारा सेल या तीन गोष्टी बघून. लुमेन तीनशे असले तरी चालतील. सेल आतच बंद केलेला असेल तर फुकट दिला तरी नको. आणि मागवतानाच पट्टा आणि रबरी रिंगा जास्तीच्या मागून घ्या, नंतर सुट्या मिळत नाहीत. मी सध्या पट्ट्याच्या जागी शिंप्याकडून शिवून घेतलेलं इलॅस्टिक वापरतोय.