छापील डीव्हीडीवर क्लिअर स्प्रे : पावसाळ्यासकट आठ महिन्यांचा अनुभव

लग्नाचं शूटिंग, नाट्यसंस्थांची रेकॉर्डिंग, वकिलांना कोर्टात द्यायची क्लिप, अशा कामांना डिस्क अजून लागते. एप्सन एल८०५ या इंकजेट प्रिंटरवर प्रिंटेबल (वरून पांढरी, छापता येणारी) डीव्हीडी छान छापून निघते, पण शाई डायची, म्हणजे पाण्याने पसरणारी. घामट बोट लागलं की ठसा उठतो, आणि जुलैत गिऱ्हाइकाच्या पिशवीत दोन थेंब शिरले की नवरीच्या शालूचा लाल रंग नवरदेवाच्या शेरवानीवर. त्यावर उपाय म्हणून ४०० मिलीच्या डब्यातला ॲक्रिलिक क्लिअर ग्लॉस स्प्रे फेब्रुवारी ते सप्टेंबर वापरला, दोनेकशे डिस्कवर. डबा चांगला आहे. त्रास देते ती मुंबईची हवा.

क्रम आधी नीट बसवा : बर्न (डिस्कवर डेटा लिहिणं), व्हेरिफाय (तो नीट लिहिला गेला का ते तपासणं), मग छपाई, शेवटी स्प्रे. स्प्रे मारून मग बर्न करू नये. थर एका बाजूला जाड बसला असेल, तर जास्त स्पीडला डिस्क थरथरते आणि बर्न फसतो.

छापल्यावर शाई पाच मिनिटांत सुकल्यासारखी दिसते, ती सुकलेली नसते. पाणी उडून जातं, पण शाईतलं ग्लायकॉल, म्हणजे हळू सुकणारा द्रव, वरच्या पांढऱ्या थरात बराच वेळ राहतं. त्यावर स्प्रे मारला की ते आत कोंडतं आणि गडद भागावर आठवड्याभराने धुरकट डाग येतात. काळ्या बॅकग्राउंडवर तर हमखास. उन्हाळ्यात २४ तास, पावसाळ्यात ४८ तास डिस्क सुट्या ठेवाव्यात. एकावर एक रचू नयेत.

मांडणीला खर्च नाही. डिस्कखाली एक बाद डिस्क ठेवायची, म्हणजे उडालेले कण डेटाच्या बाजूला जात नाहीत. दोन्ही डिस्क एका उपड्या वाटीवर, कडा अधांतरी राहतील अशा. मधल्या पारदर्शक भागावर बाटलीचं झाकण. ड्राइव्ह डिस्कला तिथेच पकडतो, तिथे थर नकोच. प्रत्येक हातानंतर दोन्ही डिस्क लगेच वेगळ्या करायच्या, नाहीतर कडेला चिकटतात आणि सोडवताना कडेचा थर सोलून निघतो.

डबा दोन मिनिटं हलवा, आतली गोळी खुळखुळली पाहिजे. अंतर २५ ते ३० सेंमी. फवारा डिस्कच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायचा. डिस्कवर सुरू केला तर पहिला थुंकीसारखा ठिपका नेमका चेहऱ्यावर पडतो. पहिला हात अगदी नावापुरता, धुकं बसल्यासारखा. जाड मारला तर स्प्रेतलं सॉल्व्हंट (उडून जाणारा द्रव) शाईत मुरतं आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. गुलाबी-लाल रंग सगळ्यात आधी. दहा मिनिटांनी डिस्क पाव फेरा फिरवून दुसरा हात, तसाच तिसरा. ४० सेंमीहून लांब धरलं तर थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग बारीक वाळूसारखा लागतो. काम झालं की डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबा, नोझल चोंदत नाही.

आता पावसाळा. सॉल्व्हंट उडताना डिस्कचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. जून-जुलैत पहिल्या खेपेतल्या डिस्क अशाच पांढरट झाल्या. एसीत मारावं म्हटलं, तर बंद खोलीत हा स्प्रे मारायचाच नाही. गॅस ज्वालाग्राही आणि वास डोक्यात जाणारा. एसीतून डिस्क थेट बाल्कनीत आणल्या तर आणखी वाईट : गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर जशी वाफ धरते, तशी डिस्कवर धरते. शेवटी जमलं ते असं : डिस्क सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवायच्या, डबा बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायचा, मग एकेक काढून लगेच मारायची. वेळ दुपारी १२ ते ३, पावसाने उघडीप दिली असेल तेव्हाच. स्प्रेचा डबाही कोमट पाण्यात पाच मिनिटं धरावा, गरम पाण्यात नाही. थोडी पांढरट झाक आलीच, तर कोरड्या दिवशी वरून एक हलका हात दिल्यावर बहुतेक वेळा जाते.

हाताला कोरडी लागली म्हणजे झाली, असं नाही. रचायला दोन दिवस, पावसात तीन. नाक जवळ नेऊन बघा. वास येतोय तोवर पाकिटात घालू नका. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांनी तर तीन महिन्यांनी दगा दिला : पाकीट मऊ ठेवणारं रसायन थरात उतरतं, थर चिकट होतो आणि पाकिटाच्या शिवणीचा ठसा डिस्कवर उमटतो. कागदी पाकिटात किंवा कडक केसमध्ये ठेवलेल्या अजून स्वच्छ आहेत. थर अर्धवट सुकलेली डिस्क गाडीच्या स्टिरिओत घालू नका. त्यातले रबरी रोलर तिला वरून-खालून दाबूनच आत ओढतात, आणि मग ती बाहेर येत नाही.

सीडीबाबत मी हात आखडता घेतो. डीव्हीडीत डेटाचा थर ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, तर सीडीत तो लेबलच्या बाजूला लॅकरच्या पातळ पापुद्र्याखाली. तिथे ओला हात मारणं धोक्याचं. एकच प्रत असलेल्या सीडीवर मारूच नये. थिनर किंवा ॲसिटोन घातलेली लाकडाची, गाडीची पॉलिशं तर कुठल्याच डिस्कवर नकोत. डिस्कच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिकार्बोनेटला, केसासारख्या भेगा जातात.

डीव्हीडीच्या वाचण्यात फरक पडला नाही. स्प्रेच्या आधी आणि नंतर एकाच ड्राइव्हवर नीरो डिस्कस्पीड या सॉफ्टवेअरने तपासल्या, पीआय एरर (वाचताना होणाऱ्या, ड्राइव्ह स्वतः दुरुस्त करतो अशा चुका) २८०च्या मर्यादेच्या खूप खाली राहिले. पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवून पुसला तर रंग हलत नाही. मात्र कडेला, जिथे शाई अगदी टोकापर्यंत छापली आहे, तिथून पाणी आत शिरतं. म्हणून छपाईचा बाहेरचा व्यास ११८ ऐवजी ११६ मिमी ठेवला. उन्हात रंग उडतो तो उडतोच, साधा क्लिअर तो थांबवत नाही.

एकेक डिस्क मारली तर डब्यात पंचवीसेक होतात, सहा-सहा ओळीने मांडल्या तर चाळिसाच्या आसपास. दोन-चारच डिस्क करायच्या असतील तर डब्याच्या भानगडीत न पडता पाण्याला टिकणाऱ्या ग्लॉसी प्रिंटेबल डिस्क शोधा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळाल्या तर घ्या, आणि आधी एक छापून ओल्या बोटाने घासून बघा.