पाणी पेपर हाताने की मशीनने? ठाण्यातल्या गॅरेजमध्ये आठ महिने वापरल्यावर

गाडीच्या पेंटचा वरचा थर पाणी पेपरने, म्हणजे पाणी लावून वापरायच्या सँडपेपरने, घासून सपाट करायचा, त्याचा हा अनुभव. मशीन दोन: १५० मिमी पॅडचा, ३ मिमी ऑर्बिटचा विजेवरचा डीए सँडर (पॅड फिरता फिरता गोल हलवणारं घासायचं मशीन) आणि ७५ मिमी पॅडचा बॅटरीवरचा छोटा. हाताच्या कामाला रबरी ब्लॉक आणि १५०० पासून पुढचे पाणी पेपर (आकडा म्हणजे ग्रिट, तो जितका मोठा तितका पेपर बारीक). जागा घोडबंदर रोडची, म्हणजे मेट्रो ४ च्या कामाची धूळ ओल्या लॅकरवर, म्हणजे पेंटवरच्या पारदर्शक थरावर, बसणार हे धरूनच चालायचं. या आठ महिन्यांत अख्खा पावसाळा आला. काम मुख्यतः तीन प्रकारचं: नव्या पॅनेलवरचे धुळीचे कण आणि ओघळ काढणं, ऑरेंज पील (पेंटवर संत्र्याच्या सालीसारखा आलेला खडबडीतपणा) सपाट करणं, आणि पोडियम पार्किंगच्या स्लॅबमधून ठिबकणाऱ्या चुन्याच्या पाण्याचे डाग.

निकाल आधीच सांगतो. सपाट करायचं काम ब्लॉकचं, ओरखडे बारीक करायचं काम मशीनचं. मशीन आलं म्हणून ब्लॉक ठेवून दिला, तर पैसे वाया जातात.

कारण असं. मशीनच्या पॅडखाली मऊ फोमचा इंटरफेस (पॅड आणि डिस्क यांच्यामधली गादी) असला की तो ऑरेंज पीलच्या उंचवट्यांवरून आणि खळग्यांतून सारखाच फिरतो. पॅनेल सगळीकडे मॅट दिसतं, काम झालंसं वाटतं, आणि कंपाउंड (चमक आणणारी पॉलिशची पेस्ट) मारल्यावर तीच साल चकचकीत होऊन परत समोर येते. कडक ब्लॉक मात्र फक्त उंचवटे खातो. पॅनेल पुसून कोरडं केलं की खळगे चमकत्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि ठिपके संपत आले की थांबायचं. सगळे संपलेच पाहिजेत हा हट्ट धरू नये, शेवटच्या दोन-चार ठिपक्यांपायी लॅकर आरपार घासलं जातं. बॉनेट आणि छप्पर यांसारख्या मोठ्या सपाट पॅनेलवर इंटरफेस काढून, कडक पॅडवर १५०० ची फिल्म डिस्क लावली तर मशीनही ब्लॉकच्या जवळपास जातं. दरवाज्याच्या वळणावर नाही.

किती खायचं हा खरा प्रश्न. कंपनीच्या पेंटची एकूण जाडी साधारण ९० ते १४० मायक्रॉन असते, त्यात वरचं क्लिअर, म्हणजे तेच पारदर्शक लॅकर, ३५ ते ५०. उन्हापासून वाचवणारे घटक या क्लिअरमध्येच असतात, म्हणून आम्ही ८ ते १० मायक्रॉनच्या पुढे जात नाही. जाडी मोजायचं मीटर नेहमी एकूण थर दाखवतं, एकट्या क्लिअरचा नाही. मीटरवर २५० आलं म्हणजे क्लिअर भरपूर आहे असं नव्हे, खाली पुट्टी आणि प्रायमर आहे. आधीचा आणि नंतरचा आकडा यांतला फरक हेच खरं माप. प्लास्टिकच्या बंपरवर हे मीटर चालतच नाही, त्यामुळे बंपरवर मशीन लावत नाही. तिथे २५०० ने हातानेच, हलकं.

हाताच्या पद्धतीत फारसं गुपित नाही. ९ बाय ११ इंची शीटचे चार तुकडे करून १५-२० मिनिटं पाण्यात भिजवायचे, लिटरभर पाण्यात कार शॅम्पूचे दोन-तीन थेंब. बोटांनी दाबून घासलं तर बोटांच्या पन्हळी उठतात, म्हणून ब्लॉक हवाच. १५०० आडवा, २००० उभा, २५०० पुन्हा आडवा. दिशा बदलली की आधीचे ओरखडे राहिलेत का ते लगेच कळतं. दुधाळ पांढरा लगदा म्हणजे क्लिअर निघतंय. लगद्याला गाडीचा रंग आला की लगेच थांबायचं, क्लिअर संपलेलं आहे. क्लिअर नसलेल्या जुन्या सिंगल स्टेज पेंटला मात्र पहिल्यापासूनच रंग येतो. लगदा खालचं सगळं झाकतो, म्हणून आठ-दहा हात मारले की एकदा रबरी वायपर फिरवायचा. कडा आणि बॉडी लाइन मास्किंग टेपने पाच मिमी झाकून ठेवायची. टेप फक्त शेवटच्या पेपरला काढायची, आणि तिथे एकच हात.

आता मशीन. विजेचं मशीन आणि पाण्याची बादली एकत्र येऊ देऊ नका. ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) प्लग लावायचाच नाही. पाणी ओतायचं नाही, दोन बाय दोन फुटांवर स्प्रेचे दोन-तीन फवारे पुरतात. हवेवरचा सँडर सुरक्षित खरा, पण तो सतत हवा खातो, छोट्या गॅरेजमधला २ एचपीचा कॉम्प्रेसर त्याला पुरत नाही. पॅड पॅनेलवर टेकवून मगच बटण दाबायचं, मशीनच्या वजनाइतकाच दाब, वेग सहापैकी तीन-चारवर. सेकंदाला तीन-चार सेंटीमीटर, निम्मी पट्टी चढवत आधी आडवं, मग उभं. मशीन तिरकं झालं की डिस्कची कड खड्डा पाडते.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं पिगटेलने, म्हणजे वेटोळ्यासारख्या खोल ओरखड्यांनी. डिस्कखाली लगद्याची गुठळी किंवा वाळूचा कण अडकला की तो फिरत राहतो आणि वेटोळं काढतो. टँकरच्या पाण्यात वाळू असते, म्हणून पाणी सुती कापडातून गाळून घ्यायचं आणि दर चार फेऱ्यांनी डिस्क आणि पॅनेल दोन्ही पुसायचं. गुळगुळीत झालेली डिस्क ओढत बसू नये. पिगटेल दिसलं तर पुढच्या ग्रिटने जात नाही, एक पायरी मागे यावं लागतं.

मशीन खरं कामाला येतं ते ३००० आणि ५००० च्या फोम डिस्कवर. हाताने २००० वर सोडलेलं बॉनेट लोकरीच्या पॅडने कंपाउंड करताना वेळ लागतो आणि पॅनेल तापतं. तेच ३००० ने मशीनवर काढलं तर दोन-तीन फेऱ्यांत चमक येते. काळ्या गाडीत हा फरक ढळढळीत दिसतो. पांढऱ्या गाडीत टॉर्च बाजूने मारल्याशिवाय ओरखडे दिसतच नाहीत, आणि आपल्याकडे पांढऱ्या गाड्याच सगळ्यात जास्त असतात.

चुन्याच्या डागांना आधी पेपर लावू नका. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर असं ओलं फडकं थंड पॅनेलवर दोन-तीन मिनिटं ठेवा, मग धुवा. उरलेलं कडं म्हणजे क्लिअर खाल्लं गेलंय. छोट्या मशीनने ३००० च्या दोन फेऱ्यांत गेलं तर ठीक. नाही गेलं तर तेवढ्याच जागी हाताने २००० आणि लगेच मीटर. पुढे खणण्यापेक्षा हलकी खूण राहिलेली परवडते.

पावसाळ्यात टू-के लॅकर (हार्डनर मिसळून मारायचं लॅकर) सुकायला वेळ घेतं. बूथमध्ये भाजलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी चालतं, हवेवर सुकवलेलं आम्ही किमान चार दिवस सोडतो. बॉनेटच्या आतल्या कडेला नखाने दाबून पाहायचं, खूण उमटली तर पेपर लावायचा नाही. कच्च्यावर घासलं की पेपर लगेच भरतो, आणि वर चमक आणली तरी आठवड्याभराने लॅकर सुकून आकसलं की ओरखडे पुन्हा वर येतात. गिऱ्हाईक घाईत असलं तरी हे चार दिवस मागून घ्या.

मशीनची तक्रार दोनच. सहाव्या महिन्यात लगद्याचं पाणी बेअरिंगमध्ये जाऊन आवाज सुरू झाला, बेअरिंग बदलावं लागलं. आता रोज काम संपल्यावर पॅड काढून हवा मारतो आणि मशीन उलटं ठेवत नाही. दुसरं, पॅडचे डिस्क धरून ठेवणारे हुक उष्णतेने मऊ पडले आणि डिस्क सुटायला लागली. कडक पॅडवर जास्त दाब दिला की असं होतं. पॅड सुटा मिळतो, एक जादा घेऊन ठेवलाय.

वेळेचा हिशोब: बॉनेट पूर्ण हाताने अडीच तास, ब्लॉक आणि मशीन मिळून सव्वा तास.