गुण क्रीमचा, नाव थेंबांचं : बाळाच्या इसबावर चालणारी फसवणूक

दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या गालांवर लाल, खरखरीत चट्टे येतात. हळूहळू ते टाळूवर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला पसरतात. बाळ रात्रभर गाल गादीला घासत राहतं, आणि आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मोबाइलवर एकदा ‘बाळाचा इसब’ शोधलं की जाहिराती मागे लागतात : ‘वरून लावून काही होणार नाही, मूळ आतड्यात आहे.’ इथून सुरू होणाऱ्या, ‘चांगल्या’ जिवाणूंचे (प्रोबायोटिक) थेंब विकणाऱ्या फसवणुकीत पैसे तर जातातच, पण बाळाच्या जिवालाही धोका पोचू शकतो, म्हणून ती कशी चालते ते सविस्तर लिहीत आहोत.

पहिली पायरी मोफत सल्ल्याची. फोनवर गोड बोलणारी ‘आहारतज्ज्ञ’ ताई तीन प्रश्न विचारते. सिझेरियन झालं होतं का? बाळाला किंवा तुम्हाला अँटिबायोटिक दिलं होतं का? वरचं दूध दिलं का? आजच्या बहुतेक घरांत यातल्या एकाचं तरी उत्तर ‘हो’ असतं. मग ठरलेलं वाक्य येतं : ‘म्हणूनच बाळाचे चांगले जिवाणू गेले.’ यात खरं एवढंच, की सिझेरियनने जन्मलेल्या बाळांच्या आतड्यात सुरुवातीला काही जिवाणू, विशेषतः बॅक्टेरॉइड्स, कमी आढळतात. पण तुमच्या बाळाचा इसब त्यामुळेच झाला, हे कोणालाही सांगता येत नाही. इसबात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. त्वचेचं कवच घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवला. आईने स्वतःला दोष देण्याचं काही कारण नाही, आणि या धंद्याचं भांडवल नेमकी तीच अपराधी भावना आहे.

दुसरी पायरी शीच्या तपासणीची. घरी एक डबी येते. लंगोटातली शी काडीने टिकाऊ द्रवाच्या नळीत घालून कुरिअरने पाठवायची. काही दिवसांनी रंगीत अहवाल येतो, त्यात लाल पट्टीत लिहिलेलं असतं : ‘जिवाणूंची विविधता कमी’. इथली लबाडी समजून घ्या. मोठ्या माणसाच्या आतड्यात विविधता जास्त असणं सहसा चांगलं मानतात. अंगावर पिणाऱ्या बाळाचं तसं नसतं. आईच्या दुधातल्या खास शर्करांवर बिफिडोबॅक्टेरियम वाढतात आणि बहुतेक जागा तेच व्यापतात, त्यामुळे अशा बाळाची विविधता कमी असणं स्वाभाविक आहे. मोठ्यांसारखी रचना व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. बाळाचा नमुना मोठ्यांच्या मापाने मोजला की प्रत्येक निरोगी बाळ लाल पट्टीत येणार. शिवाय नमुन्यातून जनुकद्रव्य काढण्याची पद्धत बदलली तरी जिवाणूंचं प्रमाण वेगळं दिसतं. अशा अहवालावरून इसबाचं निदान होत नाही आणि उपचारही ठरत नाहीत. याच्या जोडीला शंभर-दोनशे पदार्थांची ‘आयजीजी’ (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची) तपासणी विकली जाते. खाल्लेल्या पदार्थांविरुद्ध आयजीजी असणं म्हणजे शरीराने ते पदार्थ ओळखले, एवढंच. त्यावरून ॲलर्जी ठरत नाही. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच ही तपासणी करू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे.

आता थेंब. विक्रेता ज्या संशोधनाचा दाखला देतो ते खरं असतं, म्हणूनच शिकलेले लोकही फसतात. २००१ मध्ये फिनलंडच्या तुर्कू शहरातला अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. घरात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या गर्भवतींना प्रसूतीआधी काही आठवडे, आणि नंतर सहा महिने आईला किंवा बाळाला, लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जिवाणू दिला. दोन वर्षांच्या वयात त्या गटात २३ टक्के मुलांना इसब होता, नुसतं बिनऔषधी चूर्ण दिलेल्या गटात ४६ टक्के. आकडे मोठे आहेत, पण पुढची गोष्ट विक्रेता सांगत नाही. २००८ मध्ये जर्मनीत तोच जिवाणू तशाच पद्धतीने दिला, तेव्हा दोन्ही गटांत इसबाचं प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ सारखंच निघालं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे दोन्ही अभ्यास इसब होऊ नये म्हणून केलेल्या उपायाचे होते. झालेला इसब बरा करण्याचे नव्हते. बरा करण्याबद्दल २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन ही जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) ३९ चाचण्या आणि २,५९९ रुग्ण तपासले. तीव्रता मोजणाऱ्या १०३ गुणांच्या मापावर फरक पडला सरासरी चारेक गुणांचा, जो बाळाला किंवा आईला जाणवणारही नाही. आणि फिनलंडमधल्या अभ्यासाचा दाखला देऊन विकतात भलतंच : कधी बॅसिलस क्लॉसी, कधी सात-आठ जिवाणूंचं मिश्रण, ज्यात उपप्रकाराचा सांकेतिक क्रमांकही छापलेला नसतो. एका उपप्रकाराचा परिणाम दुसऱ्याला लागू पडत नाही.

कमी दिवसांच्या किंवा आजारी बाळाला हे थेंब निरुपद्रवी समजू नका. २०१४ मध्ये अमेरिकेत अशाच एका जिवाणूंच्या भुकटीत बुरशी निघाली आणि एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा त्या संसर्गाने जीव गेला. २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने अशा बाळांबाबत पुन्हा इशारा दिला.

पण मग इतक्या पालकांना ‘गुण’ कसा येतो? एक तर इसब आपोआप चढतो-उतरतो. पालक पैसे मोजतात तेव्हा तो सर्वात वाईट असतो, म्हणजे पुढे बहुधा उतारच असतो. थेंबांचा कोर्स तीन महिन्यांचा ठेवतात तो यासाठीच. दुसरं कारण जास्त गंभीर आहे : थेंबांच्या पाकिटासोबत फुकट येणारी ‘हर्बल’ क्रीमची डबी. २००३ मध्ये बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात इसबाच्या मुलांसाठी वापरलेली २४ ‘हर्बल’ क्रीम्स तपासली. २० मध्ये स्टेरॉइड सापडलं, काहींत तर क्लोबेटासोल, म्हणजे सर्वात तीव्र गटातलं. चट्टे जातात त्या क्रीमने आणि श्रेय मिळतं थेंबांना.

संशय कधी घ्यावा? दोन-तीन दिवसांत सगळं गुळगुळीत झालं, बंद केल्यावर आठवड्याभरात दुप्पट जोराने उसळलं, डबीवर घटकांची पूर्ण यादी नाही, उत्पादन परवाना क्रमांक नाही, तर नक्की घ्यावा. बाळाची त्वचा पातळ असते, आणि डायपरखाली झाकलेल्या जागी औषध अधिक शोषलं जातं. गाल गोल फुगले, अंगावर लव वाढली, वजन भराभर वाढलं पण लांबी थांबली, तर स्टेरॉइड शरीरात गेलेलं असू शकतं. अशी क्रीम बऱ्याच भागावर आठवडेच्या आठवडे लावली असेल, तर स्वतःहून एकदम बंद करू नका. बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसोल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या ग्रंथी, मंदावलेल्या असू शकतात. डबी घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते सकाळच्या कॉर्टिसोलची तपासणी करून मात्रा कशी उतरवायची ते ठरवतील.

‘आहार शुद्धी’ ही या पॅकेजची शेवटची पायरी. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध, गहू, अंडी, डाळी बंद करायला लावतात, आणि बाळाला वरचं अन्न सुरू करताना शेंगदाणे व अंडं टाळायला सांगतात. हे उलटं आहे. २०१५ च्या लंडनच्या चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाणे सुरू केले, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारून, ॲलर्जीची चाचणी करून, बारीक कूट पातळ करून द्यावं. अख्खा दाणा कधीही नाही, तो श्वासनलिकेत अडकतो.

खरा उपचार स्वस्त आणि कंटाळवाणा आहे. कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची आंघोळ, सुगंधी साबण नाही. डाळीचं पीठ चोळणं, कडकडीत गरम पाणी आणि धुरी, तिन्ही बंद. मालिशवाल्या बाईंनाही हे नीट सांगा. आंघोळीनंतर अंग टिपून दोन-तीन मिनिटांत बिनवासाचं जाड मलम, दिवसातून किमान दोनदा. अंगभर इसब असेल तर आठवड्याला २५० ग्रॅमच्या आसपास लागतं. बहुतेक घरांत याच्या पावपटही लावत नाहीत आणि ‘मलमाने काही होत नाही’ म्हणतात. चट्टे लाल असताना डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड, उदाहरणार्थ एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, मोजून लावावं : मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंतची पट्टी म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते. ठरलेल्या दिवसांपुरतं वापरलेलं उघड स्टेरॉइड सुरक्षित असतं. घातक ठरतं ते लपवलेलं. पिवळे खपले धरले तर जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. सारख्या आकाराचे, मध्ये खड्डा पडलेले फोड आणि ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या, तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो.

फसला असाल तर डबी, बाटली, पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं संभाषण जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात थेंब आणि क्रीम, दोन्हींची लेखी तक्रार करता येते. औषधाचा नमुना शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देण्याचा ग्राहकाचा हक्क १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या कलम २६ मध्ये आहे. थेंबांवर १४ अंकी अन्न परवाना असेल, तर ते कायद्याने अन्न आहे आणि ‘इसब मुळापासून बरा’ असा दावा त्यावर चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पैसे परत मिळवण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे निपटारा झाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे शुल्क नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.