टोमॅटो सॉससाठी हाताने फिरवायची चक्की

आमच्याकडे सॉस एकट्याने करत नाहीत. आई टोमॅटो निवडते, मुलं चक्की फिरवतात आणि मंद आचेवरचं पातेलं मी सांभाळते. म्हणून ही चक्की घेताना माझा पहिला प्रश्न होता, लहान हातांना ती फिरेल का? फिरते, आणि सहज फिरते.

वरच्या नरसाळ्यात वाफवलेल्या फोडी टाकायच्या. दांडा फिरवला की आतला स्क्रू त्या फोडी जाळीवर दाबतो. गर एका बाजूने उतरतो, सालं-बिया दुसरीकडून बाहेर पडतात. त्या चोथ्यात अजून बराच गर असतो, तो पुन्हा एकदा घालाच. दुसऱ्या फेरीचा गर दाट निघतो, सॉसला खरा दाटपणा त्यानेच येतो. मिक्सरमध्ये बिया भरडून कडवटपणा येतो, हवा मिसळून रंगही नारिंगी पडतो. इथे लाल तो लालच राहतो.

खालचं रबरी बूड मात्र गुळगुळीत, कोरड्या ओट्यावरच घट्ट बसतं. लाकडी टेबलावर ते सुटतं, हा मोठाच दोष. जाळी लगेच धुवावी, वाळलेला गर ब्रशलाही दाद देत नाही.

पुढे आटवायला स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या. टोमॅटोच्या आम्लामुळे उघड्या ॲल्युमिनियमचा धातूसारखा स्वाद सॉसमध्ये उतरतो. एकत्र बसून मोठा घाणा काढणाऱ्या घरांनी ही चक्की जरूर घ्यावी. वाटीभर सॉससाठी साधी पुरणाची चाळण पुरते.