पाडलेल्या घराचे छप्पर : ‘गूगल अर्थ’मधील जुन्या प्रतिमांच्या सोयीविषयी

आजी-आजोबांचे घर पाडले गेल्यानंतर त्याचा इतिहास जुळवायला बसले की पहिली अडचण छायाचित्रांची येते. कुटुंबाच्या छायाचित्रांत माणसे असतात, घर फारसे नसते. भिंतीचा तुकडा, अर्धे दार, कुणाच्या तरी खांद्यामागची खिडकी एवढेच हाती लागते. घर किती लांब-रुंद होते, मागची खोली कधी वाढवली, ती आधी झाली की परसातले झाड आधी तोडले, या प्रश्नांना काका, आत्या आणि मावशी यांच्याकडे वेगवेगळी उत्तरे असतात आणि प्रत्येकाला आपल्या उत्तराची पक्की खात्री असते. हा घोळ सोडवण्यासाठी ‘गूगल अर्थ’मधील जुन्या उपग्रह-प्रतिमांची सोय वापरून पाहिली, त्यावरून झालेले मत येथे नोंदवत आहे.

ही सोय 2009 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. संगणकावर उतरवून घ्यायची ‘प्रो’ आवृत्ती 2015 पासून विनामूल्य झाली आणि 2024 पासून जुन्या प्रतिमा ब्राउझरमध्ये व मोबाइलवरही दिसू लागल्या. घड्याळाचे चिन्ह दाबल्यावर काळाची एक पट्टी उघडते. ती मागे सरकवत गेले की आज जेथे मोकळी जागा किंवा नवी इमारत आहे, तेथे जुने छप्पर उभे राहते.

या छपराबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. घराची ही एकच बाजू अशी असते की जिथे माणसे जन्मभर राहिली तरी ती त्यांनी पाहिलेली नसते. त्यामुळे आठवणींनी भारावून जाण्याची अपेक्षा ठेवून कोणी ही प्रतिमा उघडली, तर त्याची निराशा होण्याची शक्यता अधिक. वरून पाहिलेले स्वतःचे घर प्रथमदर्शनी परके वाटते. इतिहासासाठी मात्र हेच छप्पर फार बोलके ठरते. मूळ घराचा आढा एका रेषेत असतो आणि नंतर जोडलेल्या भागाचा उतार वेगळा पडतो. जुन्या कौलांच्या शेजारी नवी कौले उजळ दिसतात, आणि पत्रा घातलेला भाग तर उन्हात पांढराच चमकतो. आमच्याकडे वर्षानुवर्षे चाललेला खोली आणि झाडाचा वाद अशा दोन प्रतिमा शेजारी ठेवल्यावर मिटला, कारण एका प्रतिमेत पत्रा आणि झाडाचा घेर दोन्ही एकत्र दिसत होते.

मोजमापाची पट्टीही उपयोगी आहे. घराचा आडवा-उभा विस्तार तिने मोजता येतो, आणि सावलीवरून उंचीचाही अंदाज बांधता येतो. उपग्रह बहुधा सकाळी साडेदहाच्या सुमारास त्या जागेवरून जात असल्याने सावल्या पश्चिमेच्या अंगाला पडलेल्या असतात. त्याच प्रतिमेतील एखाद्या माहितीच्या इमारतीची उंची आणि सावली यांचे प्रमाण काढले की आपल्या घरालाही तेच प्रमाण लावता येते. मात्र यासाठी जमीन सपाट हवी. शिवाय उपग्रहाने तिरक्या कोनातून टिपलेल्या प्रतिमेत इमारती कललेल्या दिसतात आणि दोन तारखांच्या प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसतीलच असे नाही, म्हणून एका प्रतिमेवर आखलेली हद्द दुसऱ्या प्रतिमेवर डोळे झाकून लावू नये.

मर्यादा काळाचीही आहे, आणि ती मोठी आहे. पट्टी 1984 पर्यंत मागे गेली तरी त्या काळातल्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांत एक ठिपका जमिनीवरचे 30 मीटर व्यापतो. म्हणजे अंगण-परसासह सगळे घर एका ठिपक्यात मावते. सुमारे एक मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारा इकोनॉस हा पहिला व्यावसायिक उपग्रह 1999 मध्ये अवकाशात गेला, त्यामुळे त्याआधी पाडलेल्या बहुतेक घरांसाठी येथे शोधण्यात अर्थ नाही. वॉर्सा, लंडन, बर्लिन यांसारख्या काही शहरांची 1930 आणि 1940 च्या दशकांतली विमानातून घेतलेली छायाचित्रे या सोयीत आहेत, पण तो अपवाद झाला. जुन्या काळासाठी अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांची 1960 ते 1972 मधील छायाचित्रे पाहणे बरे. ती 1995 मध्ये गोपनीयतेतून मुक्त झाली असून अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. त्यांतील शेवटच्या कॅमेऱ्यांचा तपशील सुमारे दोन मीटरपर्यंत जातो. छपराची कौले दिसणार नाहीत, पण घर त्या जागी होते की नव्हते एवढे नक्की कळते.

पाडकामाची नेमकी तारीखही येथे मिळत नाही, मिळते ती दोन प्रतिमांमधली फट. एका प्रतिमेत घर उभे असते, पुढचीत ढिगारा किंवा रिकामी जागा असते, आणि या दोहोंमध्ये काही महिनेही असू शकतात किंवा काही वर्षेही. ती फट अरुंद करायची तर पाडकामाच्या परवानगीचे किंवा करपावतीचे कागदच शोधावे लागतात.

समोरची बाजू पाहायची असेल तर ‘स्ट्रीट व्ह्यू’ या रस्त्यावरून टिपलेली दृश्ये दाखवणाऱ्या गूगलच्या सोयीकडे वळावे. तेथे 2014 पासून त्याच ठिकाणची मागील तारखांची दृश्ये उघडता येतात आणि दार, जिने, कुंपण अशा ओळखीच्या गोष्टी दिसतात. फक्त गूगलची कॅमेरा लावलेली गाडी त्या रस्त्यावरून गेलेली असायला हवी. खासगीपणासाठी घर धूसर करून घेण्याची विनंती कोणी केलेली असल्यास ते पुन्हा स्पष्ट होत नाही, हेही लक्षात ठेवावे. कोणतीही उपयोगी प्रतिमा सापडली की ती तारखेसह लगेच साठवून छापून घ्यावी आणि ज्येष्ठांना त्या कागदावरच पेनाने खोल्या आखायला सांगावे, कारण पडद्यावर बोट फिरवत सांगितलेले नंतर कोणाला आठवत नाही.

स्वतंत्र छप्पर असलेल्या, झाडांनी पूर्ण न झाकलेल्या आणि गेल्या वीसेक वर्षांत पाडलेल्या घरासाठी या सोयीची शिफारस मी निःशंकपणे करतो. ज्यांचे आजी-आजोबा मोठ्या इमारतीच्या मधल्या मजल्यावर राहत होते, त्यांना मात्र तिचा उपयोग जवळजवळ नाही. त्यांनी थेट ‘स्ट्रीट व्ह्यू’पासूनच सुरुवात करावी.