फुकट रिपोर्ट कार्डच्या नादात अख्ख्या वर्गाचे नंबर दिले

लिहायला लाज वाटतेय, कारण पोरांना 'कुठंही नंबर टाकू नका' म्हणून ओरडणारी बाई मीच, आणि अख्ख्या वर्गाचे नंबर नेऊन दिले तेही मीच.

निकालाचे दिवस होते, प्रगतिपत्रकं भरून हात दुखायला लागलेले, आणि टीचर्सच्या ग्रुपवर एक लिंक आली की एक्सेल शीट द्या, पाच मिनिटांत सगळ्यांच्या पीडीएफ तयार, एकदम फ्री. ग्रुपवर आलीय म्हणजे कुणीतरी वापरलीच असेल असं धरून चालले (नंतर विचारलं तर टाकणाऱ्या सरांनीही न उघडताच फॉरवर्ड केलेली). वेगळं अकाउंट काढायची भानगड नाही, गूगलनं लॉगिन करा. केलं. मग एक पान आलं, हे अ‍ॅप तुमच्या ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइल्स बघू, बदलू आणि डिलीट करू शकेल. खोटं कशाला बोलू, मी ते वाचलं आणि वाचून अलाऊ दाबलं. शीट ड्राइव्हवर आहे तर परवानगी लागणारच ना, असं वाटलं. एका शीटसाठी अख्खा ड्राइव्ह कशाला हवा, हे तेव्हा सुचलंच नाही.

प्रगतिपत्रकं मात्र झकास निघाली. मीच कौतुकानं अजून दोघींना लिंक पाठवली.

महिन्याभरानं एका पालकांचा फोन, मॅडम, तुम्ही आमचा नंबर कुणाला दिलाय का? त्यांना कुणीतरी फोन करून सांगितलेलं की शाळेतर्फे बोलतोय, तुमचं मूल गणितात मागे आहे, स्कॉलरशिपच्या क्लाससाठी आजच नाव नोंदवा. मार्क बरोबर, जन्मतारीख बरोबर. मी म्हटलं, छे हो, माझ्याकडून कसं जाईल. त्यावर ते म्हणाले, पण तो माणूस माझ्या मुलीला मुलगा समजत होता, नावच चुकीचं घेत होता. तिथं माझ्या पोटात गोळा आला. कारण त्या पोरीच्या नावापुढं चुकून एक अक्षर जास्त टाइप झालेलं, त्यानं मुलीचं नाव मुलाचं झालं होतं, आणि ती चूक शाळेच्या रजिस्टरमध्ये नव्हती, फक्त माझ्या शीटमध्ये होती. पीडीएफ काढल्यावर मी ती पीडीएफमध्येच सुधारली होती. त्यामुळं दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नव्हती.

दोन पालकांनी तोवर पैसे भरलेसुद्धा होते. 'शाळेतर्फे' म्हटल्यावर कोण शंका घेणार.

मी काय केलं, तर आधी पासवर्ड बदलला आणि निवांत झाले. आयटीतल्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, अगं पासवर्ड त्यांच्याकडं होताच कुठं, अलाऊ दाबून तू त्यांना वेगळी किल्ली दिलीयस, आणि पासवर्ड बदलला की ती किल्ली बंद होतेच असं नाही. मे 2017 मध्ये असंच झालेलं म्हणे, 'गूगल डॉक्स' हेच नाव घेतलेलं एक खोटं अ‍ॅप मेलमधून फिरलं, लॉगिनचं पान खरं गूगलचंच, लोकांनी नुसतं अलाऊ दाबलं की त्यांच्या कॉन्टॅक्ट्सना तोच मेल पुढं. पासवर्ड कुणी विचारलाच नव्हता. मग तिनं गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन थर्ड पार्टी अ‍ॅप्सची, म्हणजे आपण परवानगी दिलेल्या बाहेरच्या अ‍ॅप्सची, यादी उघडायला लावली. माझ्या यादीत 23 निघाली! क्विझवालं, सर्टिफिकेटवालं, कधीतरी एकदाच वापरलेलं हजेरीवालं. सगळ्यांचा अ‍ॅक्सेस काढला. तुम्ही पण आजच बघा, प्लीज. पण त्या साइटनं जी शीट आधीच उचलली होती ती काय परत येणार नाही. अकाउंट डिलीटचं बटण कुठं नव्हतंच, सपोर्टला पाठवलेला मेल परत आला, आणि प्रायव्हसी पॉलिसीत चक्क लिहिलेलं की माहिती 'पार्टनर्स'ना देऊ शकतो. म्हणजे तक्रार तरी कसली करणार.

खरं तर प्रगतिपत्रकाला पालकांचा मोबाइल लागतच नाही. पण माझी एकच मास्टर शीट, नाव, जन्मतारीख, नंबर, मार्क, सगळं शेजारी शेजारी. आता नंबरांची शीट वेगळी आहे आणि ती ड्राइव्हवर नाही. बाहेरच्या साइटला द्यायची तर फक्त रोल नंबर आणि मार्क, नावं नंतर मी स्वतः घालते. वेळ जातो, जाऊदे.

ज्या दोघींना लिंक पाठवली होती त्यांनाही फोन करून सांगितलं. एकीनं तेव्हाच अ‍ॅक्सेस काढला. दुसरी म्हणाली, निकाल झाला की काढते.

त्या पोरीच्या वडिलांना अजून अधूनमधून फोन येतो, दरवेळी नवा माणूस आणि नवा क्लास, आणि मुलाचं नाव घेऊन विचारतात, घरी आहे का तो?