तुर्कानातली आमची आपत्कालीन व्यवस्था: काही महिने वापरल्यानंतर

केनियाच्या वायव्येला, तुर्काना सरोवराच्या पश्चिम काठावर पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका स्वयंसेवी तुकडीबरोबर मी काही महिने होते. मुक्काम कालोकोल गावाच्याही पुढे, डांबर संपून वाळू सुरू होते तिथे. पोरं बहुतेक आपल्याकडची, आयटीआय आणि इंजिनिअरिंगवाली. मी निवृत्त नर्स. त्यामुळे आजारपण, अपघात आणि वेळ आलीच तर माणसाला तिथून बाहेर काढणं, हे सगळं माझ्या गळ्यात. त्यासाठी हाताशी दिलेला सरंजाम असा: एक जाडजूड फाइल, एअर ॲम्ब्युलन्सचं सदस्यत्व, भारतातून काढलेला प्रवास विमा, सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र आणि औषधांची पेटी. यातलं काय कामाला आलं आणि काय नुसतं वाहून नेलं, ते लिहिते.

आधी फाइल. रंगीत, नकाशांसकट, स्पायरल बाइंडिंग केलेली. दंगल, अपहरण, पूर, सगळ्यावर स्वतंत्र प्रकरण. मात्र आमच्या मुक्कामापासून सर्वांत जवळ बसणाऱ्या क्लिनिकल ऑफिसरचा फोन नंबर शेवटच्या परिशिष्टात, छोट्या अक्षरात. केनियात क्लिनिकल ऑफिसर म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा केलेला, तपासून औषध लिहून देणारा, छोट्या शस्त्रक्रियाही करणारा माणूस. एमबीबीएस डॉक्टर मोठ्या गावात. खेड्यापाड्यांतला दवाखाना हीच मंडळी चालवतात. पहिल्याच आठवड्यात मी फाइल बाजूला ठेवली आणि एका जाड कार्डावर मोजकं लिहून काढलं: त्याचा नंबर, लोदवार या जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी जिल्हा रुग्णालयाचा नंबर, एअर ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूमचा, विम्याचा पॉलिसी क्रमांक, प्रत्येकाचा रक्तगट आणि ॲलर्जी, आणि धावपट्टीचे अक्षांश-रेखांश. लॅमिनेट करून एक गाडीत, एक स्वयंपाकघरात, एक माझ्या गळ्यात. फाइल पुढे लॅपटॉपखाली उंचवटा म्हणून छान वापरली गेली.

अक्षांश-रेखांशांवर थोडं थांबते, कारण इथे चांगले शिकलेले लोक गडबडतात. मोबाइल दाखवतो ३.५२ अंश उत्तर. वैमानिक मागतो अंश आणि मिनिटं. ३.५२ अंश म्हणजे ३ अंश ३१.२ मिनिटं. घाईत कोणी ‘तीन अंश बावन्न मिनिटं’ सांगितलं, की विमान जवळजवळ ३८ किलोमीटर उत्तरेला जाऊन वाळूत धावपट्टी शोधत बसेल. कार्डावर दोन्ही पद्धतींनी लिहा आणि फोनवर सांगितल्यावर समोरच्याकडून एकदा वाचून घ्या.

आता विमान. केनियात ही सेवा जुनी आहे. १९५७ मध्ये मायकल वूड, आर्चिबाल्ड मॅकिंडो आणि टॉम रीस या तीन सर्जननी फ्लाइंग डॉक्टर्सची कल्पना मांडली, आणि आजही ती विमानं नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून उडतात. अशा सेवेचं सदस्यत्व तुकडीच्या एकूण खर्चात किरकोळ असतं, सफारीला येणारे पर्यटकही सर्रास घेतात. त्यामुळे ‘विमान आहे ना’ म्हणून सगळे निर्धास्त. पण आमच्यासारख्या कच्च्या धावपट्टीवर दिवे नसतात. विषुववृत्ताजवळ असल्याने बाराही महिने सूर्य साडेसहा-पावणेसातला बुडतो आणि संध्याकाळ अशी फारशी होतच नाही, एकदम अंधार. नैरोबी हवाई मार्गाने ५०० किलोमीटरहून जास्त. फोन, परवानगी, डॉक्टर-नर्सची तयारी, इंधन आणि उड्डाण हे सगळं धरलं, तर दुपारी तीननंतर काही झालं की ती रात्र तुमची.

आमच्यावर ती वेळ आलीच. पाण्याच्या टाकीच्या मचाणावरून आमचा एक पोरगा दुपारी साडेचारच्या सुमारास खाली आला. मांडी डोळ्यांदेखत सुजत चाललेली, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. मांडीचं हाड मोडलं की त्वचा न फाटताही आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं, त्यामुळे चेहऱ्याकडे कमी आणि नाडीकडे जास्त लक्ष द्यायचं. क्लिनिकल ऑफिसरला पहिला फोन. तो मोटरसायकलवर, मागे पेटी बांधून, तासाभरात हजर. तोवर आम्ही पाय सरळ ओढून धरला होता. पाइपची लांबी आणि चादरीच्या पट्ट्या वापरून खेच देणारी फळी बांधली. ओढ बसली आणि पोरगा जो ओरडत होता तो पहिल्यांदा नीट बोलला. सलाईन लावलं. क्लिनिकल ऑफिसरने आणलेलं तीव्र वेदनाशामक दिलं. ते त्याच्याचकडे असणं शहाणपणाचं: ट्रॅमाडॉलसुद्धा भारतात २०१८ पासून एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, असली औषधं बॅगेत टाकून सीमा ओलांडायची नसतात.

कंट्रोल रूमने सरळ सांगितलं, उजाडल्यावर. मग वाद झाला: गाडीत घालून लोदवारला न्यायचं का? पोरांचं म्हणणं, हातावर हात ठेवून बसायचं कसं. आमचा ड्रायव्हर तुर्काना, तिथलाच. त्याने मान हलवली. मध्ये दोन लागा लागतात, म्हणजे कोरड्या नद्या. वर डोंगरात पाऊस पडला तर खाली आभाळ स्वच्छ असतानाही लोंढा येतो, आणि अंधारात तो दिसत नाही, आधी ऐकू येतो. फाइलमधला एकच नियम मला मनापासून आवडला होता, तो इथे कामाला आला: रात्रीचा प्रवास करायचा असेल तर वैद्यकीय जबाबदार आणि ड्रायव्हर, दोघांचाही होकार हवा, एकाचा नकार आला की विषय संपला, तुकडीप्रमुखालाही बदलता येत नाही. परदेशात प्रवाशांचे जीव जाण्यात रस्ते अपघातांचा वाटा फार मोठा असतो. साप आणि सिंहांच्या गोष्टी सांगायला बऱ्या.

रात्रभर दर अर्ध्या तासाने नाडी, रक्तदाब, पायाची बोटं गरम आहेत का, घोट्याजवळची नाडी लागते का, लघवी किती झाली. वहीत पेन्सिलने, कारण घामाने पेनची शाई पसरते. पोरगा मध्येच म्हणायचा, ‘‘सिस्टर, विमान पाठवलंय ना नक्की?’’ मी म्हणायचे, ‘‘पाठवलंय रे, पायलट झोपलाय, तूही झोप.’’ पहाटे ड्रायव्हर पट्टीवर गाडी घेऊन दोनदा गेला-आला, शेळ्या आणि एक हट्टी उंट हाकलायला. विमान उतरलं तेव्हा ऊन वर आलं होतं. आलेल्या डॉक्टरांनी वही मागितली, दोन पानं उलटली आणि बाकी काही न विचारता स्ट्रेचर उचललं. सदस्यत्वाला माझ्याकडून पूर्ण गुण. फक्त ते काय देतं हे नीट वाचा: नैरोबीपर्यंतचं उड्डाण. हॉस्पिटलचं बिल त्यात नाही, मुंबईपर्यंत परत आणणंही नाही.

ते विम्याचं काम, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. हेल्पलाइन चोवीस तास आहे हे खरं, पण केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे बारा वाजलेले. फोन उचलणारा मुलगा नम्र होता. त्याला हवा होता उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा लेटरहेडवरचा अहवाल, ईमेलने. मी वाळूत बसले होते. नैरोबीतल्या हॉस्पिटलने दाखल करताना अनामत मागितली, ती शेवटी तिथल्या एका गुजराती दुकानदाराने, संस्थेच्या ओळखीवर, भरली. विम्याने नंतर पैसे दिले, सगळे दिले, पण तोवर आमच्या खजिनदाराचे केस पांढरे झाले.

पॉलिसी घेताना दोन गोष्टी लेखी विचारा. एक, ‘शारीरिक श्रमाचं काम’ वगळलंय का. स्वयंसेवेच्या नावाखाली आपण मचाणावर चढतो, खड्डे खणतो, आणि बऱ्याच प्रवास विम्यांत हे बसत नाही. दोन, रुग्णाला तिथून हलवणं ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ आहे हे कोण ठरवणार, जागेवरचा डॉक्टर की कंपनीचा? आणि अनामतीइतके पैसे नैरोबीत कुणाच्या तरी खात्यावर आधीच ठेवा. गावात एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सोयीवर, सगळं चालतं, पेट्रोलसुद्धा, पण मोठ्या रकमेला त्याला मर्यादा आहे.

सॅटेलाइट यंत्र: उपयोगी, पण भारतातून नेऊ नका आणि येताना आणूही नका. इरिडियम किंवा थुराया उपग्रहांवर चालणारी यंत्रं दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय आपल्याकडे बेकायदा आहेत. मग ते फोन असोत की खिशातले छोटे मेसेंजर. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात विमानतळावर परदेशी प्रवाशांवर यावरूनच कारवाई झाली. आमचं नैरोबीच्या कार्यालयात राहायचं, उतरल्यावर सही करून घ्यायचं, निघताना परत. कालोकोलमध्ये मोबाइलची रेंज असते, त्यामुळे निम्मा काळ ते पिशवीतच. रेंजबाहेरच्या पंपांवर गेलो की सकाळ-संध्याकाळ एक ठरावीक मेसेज, ‘सगळे ठीक’. तो आला नाही तर कार्यालय तासाभर वाट बघणार, मग दवाखान्याला फोन करणार. एसओएसचं लाल बटण आम्ही कधीच दाबलं नाही. हा रोजचा कंटाळवाणा मेसेजच त्या यंत्राचं खरं काम होतं. पत्र्याच्या छपराखाली चालत नाही, उघड्यावर जावं लागतं. मेसेज पोहोचायला कधी मिनिट, कधी बराच वेळ.

औषधांची पेटी मी स्वतः भरली होती, त्यामुळे तिचं कौतुक करत नाही. पण एका गोष्टीवरून पुण्यातल्या एका देणगीदारांशी बरंच बोलावं लागलं. त्यांना भारतातून सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या कुप्या पाठवायच्या होत्या, अगदी प्रेमाने. हाफकिनसारख्या संस्थांमुळे आपल्याकडे प्रतिविष म्हटलं की विषय मिटला असं वाटतं. पण आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनतं. तुर्कानात पफ ॲडर आहे, तिथला फुरशाचा भाऊबंद आहे, आणि फुरसं दिसायला सारखं असलं तरी आफ्रिकेतल्याचं विष वेगळं. घाना आणि चाडमध्ये भारतीय प्रतिविष वापरलं गेलं तेव्हा मृत्यूंचं प्रमाण वाढल्याची नोंद आहे. म्हणजे नुसतं निरुपयोगी नव्हे. ते दिल्यावर ‘उपचार झाला’ म्हणून माणूस थांबतो, तो धोका वेगळाच. शिवाय प्रतिविषाची जोरदार रिॲक्शन येऊ शकते, ती सांभाळायची सोय तंबूत नसते. तेव्हा कुप्या नकोत. जवळ कोणत्या रुग्णालयात आफ्रिकी प्रतिविष आत्ता, या महिन्यात, शिल्लक आहे हे विचारून ठेवायचं, आणि दर महिन्याला पुन्हा विचारायचं.

त्याऐवजी पेटीत ठेवल्या साध्या काचेच्या नळ्या. चावा बसला की दोन मिलि रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी कलती करायची. रक्त गोठलेलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर विषाने रक्त बिघडवलंय. गोठलं म्हणून मात्र सुटका नाही, चाचणी पुन्हा करायची आणि माणसाला हलवायचंच. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. ज्या मुलीला आम्ही ही चाचणी करून नेलं तिचं रक्त गोठलं होतं, चावा बहुधा कोरडा, म्हणजे विष न सोडलेला, होता. लोदवारच्या डॉक्टरांनी तरी एक दिवस ठेवून घेतलं, बरोबर केलं.

ती मुलगी आमच्या तुकडीतली नव्हती, आमच्या स्वयंपाकिणीची होती. व्यवस्थेतली सर्वांत मोठी भेग तिच्यामुळे दिसली. विमानाच्या सदस्यत्वात आमची नावं होती. ड्रायव्हरचं नव्हतं, स्वयंपाकिणीचं नव्हतं, आमच्यासोबत रोज मचाणावर चढणाऱ्या गावातल्या गवंड्यांचं नव्हतं. समजा त्या दिवशी ड्रायव्हर पडला असता, तर मी कुठला नंबर फिरवणार होते? केनियातल्या रहिवाशांसाठी वेगळं वार्षिक सदस्यत्व मिळतं. कार्यालयाशी जोरात भांडून ते घेतलं. पहिलं उत्तर आलं ‘बजेटमध्ये नाही’, दुसरं आठवड्याने आलं आणि त्यात पैसे होते.

किरकोळ पण महत्त्वाचं: पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रात घ्या, दाखला दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. दाखल्याशिवाय केनियातून परत आलात तर मुंबईत उतरताच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात. रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा, मग कुत्रं चावलं तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, शोधत फिरावं लागत नाही, दोन बूस्टरवर भागतं. इम्युनोग्लोब्युलिन अशा भागात मिळणं नशिबाची गोष्ट. मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर भरपूर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. तिथून परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायचं असतं. पोरं घरी आली की पहिल्यांदा तेच विसरतात, मी त्यांच्या आयांना फोन करून सांगून ठेवते.

पुढच्या तुकडीने हीच व्यवस्था घ्यावी का? विमान आणि सॅटेलाइट यंत्र, हो. विमा, हो, पण दुसऱ्या कंपनीचा, आणि वर लिहिलेले दोन प्रश्न विचारून. फाइलवर पैसे घालवू नका. त्या पैशांत दवाखान्यातल्या क्लिनिकल ऑफिसरला मोटरसायकलचं पेट्रोल आणि एक चांगली खेचफळी घेऊन द्या, दोन्ही त्याने स्वतःहून मागितल्या आहेत.